खाणीतली डावरी

११ मे

प्रकाशकांचे वरचे पुढचे दोन दात गेलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या ‘स’ला शिट्टी लागते. हे आधी लिहून टाकते, कारण त्या शिट्टीतून जे बाहेर पडलं ते लिहायला हात धजत नाही.

“गोगलगायी?” ते म्हणाले. “अहो डॉक्टर, फुलपाखरं असती तर बोललो असतो. पक्षी असते तर कागद मागवायला सांगितला असता. गोगलगाय दिसली की माणूस पाय उचलतो, पाकीट नाही काढत.”

मी सांगून पाहिलं की प्रत्येक कुंडीत, प्रत्येक भिंतीच्या पायथ्याशी ती असते आणि तिचं नाव कुणालाही ठाऊक नसतं. त्यांनी माझे फोटो एकेक करून पाहिले, दोन परत पाहिले. मग पेपरमिंटची बरणी पुढे सरकवली. मी दातांच्या डॉक्टरच्या धंद्याला जागून नाही म्हटलं.

“फोटो सुंदर आहेत. पण नवीन काय? एक तरी अशी चीज दाखवा, जी कुणाच्याच पुस्तकात नाही. मग या.”

कोपऱ्यात त्यांच्या संपादिका बसल्या होत्या. पूर्ण वेळ पेन्सिल चावत होत्या. पुढच्या दाताचा कोपरा पेन्सिलीनेच उडालाय, पैजेवर सांगते. मी मनातल्या मनात त्यांचं नाव पेन्सिलबाई ठेवलं.

घरी आल्यावर नवरोबा म्हणाला, “लेखकाकडून खर्च घेऊन छापणारे पुष्कळ आहेत. घालू या पदरचे.” मी त्याच्यावर खेकसले. त्याला काय कळणार? त्याच्या नट-बोल्टच्या दुकानात लोक आपल्या पायांनी येतात. माझ्यापुढे माणूस तोंड उघडतो तो दुखतं म्हणून. सुखासुखी कुणी येत नाही. मला एक तरी गोष्ट अशी करायची आहे की ती परक्या माणसाने वाचावी, ‘हे छापण्यासारखं आहे’ म्हणावं, आणि दुसऱ्या परक्याने ती हौसेने उचलावी.

“ती हौसेने उचलेल तेव्हा उचलेल, तू आधी चहा उचल, गार होतोय,” तो म्हणाला. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे त्याच्या कपाचा कान उजवीकडे करून ठेवला होता. त्याने नेहमीप्रमाणे बोटाने तो डावीकडे फिरवला. लग्न झाल्यापासून बघतेय, माय-लेक त्यावर एक अक्षर बोलत नाहीत.

२६ मे

राग गेला. काम थांबवायचं नाही असं ठरवलं.

पुस्तकासाठी माझा नियम एकच आहे: गोगलगाय उचलायची नाही. ती जिथे आहे तिथे, जशी आहे तशी. ओळख पटायला शंखाचं तोंड दिसावं लागतं आणि तोंड नेमकं खाली, पानाला नाहीतर दगडाला चिकटलेलं. इथे माझा दवाखाना कामाला येतो. पेशंटच्या तोंडात घालतो तो लांब दांड्याचा छोटा आरसा मी पानाखाली सरकवते आणि आरशातला फोटो काढते. कॅमेराही दवाखान्यातलाच, भिंगाभोवती गोल दिवा असलेला. दाढेचा आणि गोगलगायीचा फोटो काढण्यात फार फरक नाही. गोगलगाय कमी हलते.

आरशातला फोटो उलटा येतो, पण त्याचीही सोय आहे. दवाखान्यातल्या संगणकात ‘आरसा’ नावाचं फोल्डर आहे. त्यात टाकलेला फोटो आपोआप सुलटा होतो, नाहीतर मी उजवी सोडून डावी दाढ उपटली असती. मला स्वतःला तर त्याचीही गरज नाही. इतकी वर्षं आरशात बघून दात कोरतेय, उलटं-सुलटं डोक्यातल्या डोक्यात होऊन जातं, कळतसुद्धा नाही.

१९ जून

घाईत लिहितेय, अक्षराला माफी.

सकाळी जुन्या दगडखाणीत गेले होते. हवा कोरडी, म्हणून सगळ्या गोगलगायी भिंतीच्या एका भेगेत खोल जाऊन बसलेल्या. डोकं आत जाईना, कॅमेरा जाईना. आरसाच तेवढा गेला. तपकिरी शंख, त्यावर पिवळसर पट्टा, तीन जणी शेजारी-शेजारी. सगळे फोटो आरशातूनच काढले. दवाखान्यातला संगणक कालपासून आजारी आहे, दुरुस्तीवाला म्हणतो सोमवारी येईन. मला दम धरवेना, म्हणून फोटो घरच्या संगणकावर उघडले.

आणि त्या डाव्या आहेत!

एरवी शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की ते उजव्या हाताला येतं. जवळपास सगळ्या गोगलगायींचं असंच, हजारात एखादी डाव्या वळणाची निघाली तर निघाली. आणि इथे तीनच्या तीन! माझ्या सगळ्या पुस्तकांतून शोधलं, आमच्या भागातून अशी गोगलगाय कुणीही नोंदलेली नाही.

नवरोबाला हाका मारून बोलावलं. तो स्वतः जन्माचा डावखुरा. त्याने फोटो बघून मांडीवर थाप मारली. “म्हणजे डाव्या आट्याचा स्क्रू! दुकानात शंभर उजव्या आट्याचे विकावेत तेव्हा एक डाव्याचं गिऱ्हाईक येतं. माझी बिरादरी निघाली की गं! नाव काय ठेवणार?”

“डावरी.”

“वा! पण एकाच भेगेत तिघी? आमच्या अख्ख्या खानदानात मी एकटा.” मग नेहमीची गोष्ट सांगितली, लहानपणी जेवताना आई त्याचा डावा हात रुमालाने खुर्चीला कसा बांधायची ती. दरवेळी हसत सांगतो, आजही हसत सांगितली.

सासूबाईंना पडद्यावर दाखवलं. “दिसतंय की डावी,” त्या म्हणाल्या, “हाताच्या कांकणाला आरसा कशाला?” मग जरा थांबून विचारलं, “जन्मापासूनच अशी असते?”

“अंड्यातून निघते तेव्हापासून.”

“आणि तिचं काही बिघडत नाही?”

“काय बिघडणार? खाते-पिते, हिंडते.”

त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि रात्री अर्धं जेवण टाकून उठल्या. उकाड्याने त्यांची भूक मेलीय बहुतेक.

२७ जून

झालं! होकार!

प्रकाशकांनी फोटो एका प्राध्यापकांना पाठवला, त्यांचं उत्तर आलं: ‘फोटोवरून निःसंशय डावी. अभिनंदन.’ प्रकाशक इतके खूश की शिट्ट्यांचा पाऊस. “हीच मुखपृष्ठावर! सूचीपत्रात पहिल्या पानावर टाकतो. डॉक्टर, ही चीज कुणाकडे नाही.”

करारावर सही करताना पेन घसरलं. रोज सुई धरणारा हात माझा, पेनाला घाबरला. पेन्सिलबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या काय, तर “मजकूर पंधरा तारखेपर्यंत.” माणूस आहे की कॅलेंडर?

सासूबाईंचं शेजारीपाजारी सांगून झालंय. त्यांच्या तोंडी गोगलगाय कमी आणि डावी जास्त असते.

१८ जुलै

पेन्सिलबाईंनी माझा मजकूर परत पाठवला. पानापानावर काट. ‘मोहक’ गेलं, ‘लाजरी’ गेलं, ‘जणू चिमुकली राजकन्या’ तर अशी खोडली आहे की कागद फाटलाय. मी दात-ओठ खात त्यांच्याकडे गेले.

“बाई, जरा तरी जीव राहू द्या त्यात!”

त्यांनी पेन्सिल तोंडातून काढली. “तुमचा वाचक चिखलात उभा आहे. एका हातात छत्री आहे. समोर गोगलगाय आहे आणि ती निघालीय. त्याला सांगा, पट्टा कुठे बघायचा.”

एवढं बोलून पेन्सिल परत तोंडात. मी वाद घालायला गेले होते, तो घातला नाही. घरी येऊन ‘राजकन्या’ असलेली पानं परत वाचली. मलाच लाज वाटली. नुसत्या पट्ट्याचं वर्णन तीनदा लिहिलं, तिसऱ्यांदा जमलं.

मात्र आज एक शंका मनात आली ती लिहूनच ठेवते: डावरी सापडली नसती तर या लोकांनी माझ्याकडे पाहिलंही नसतं. पुस्तक माझं आहे की तिचं?

५ ऑगस्ट

गंमतच झाली. पेन्सिलबाई दवाखान्यात आल्या, पेशंट म्हणून! पेन्सिल चावताना खालच्या दाढेचा टवका उडाला. खुर्चीत बसल्या, तोंडात कापूस भरला, आणि अखेर मला त्यांच्यापुढे मनसोक्त बोलायला मिळालं.

आरशातून दाढेचा फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. त्यांनी बोट डाव्या गालाकडे नेलं, मग पडद्याकडे, भुवया वर. “हो हो, बरोबर आहे,” मी म्हटलं, “आरशातला फोटो उलटा येतो, पण या फोल्डरमध्ये टाकला की आपला आपण सुलटा होतो. पुस्तकातले आरशाचे फोटोही इथूनच गेलेत. फक्त खाणीतले तेवढे घरच्या संगणकावर घेतले, त्या दिवशी हे यंत्र आजारी होतं.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मला वाटलं सुई लागली. “दुखतंय?” विचारलं, तर मानेनेच नाही म्हणाल्या.

कापूस काढल्यावर बराच वेळ चूळ भरत राहिल्या. दारापर्यंत जाऊन परतल्या. “मुखपृष्ठासाठी डावरीचा आणखी एक फोटो लागेल. ओल्या हवेत, बाहेर आलेली. आरसा न वापरता.”

“आहेत ते फोटो काय वाईट आहेत?”

“वाईट नाहीत,” म्हणाल्या आणि गेल्या. या संपादक लोकांना खुसपट काढल्याशिवाय अन्न पचत नाही.

११ ऑगस्ट

रात्रभर भुरभुर होती, सकाळी खाणीत गेलो. नवरोबा छत्री धरायला. भेगेतून सगळ्या बाहेर आलेल्या, भिंतीवर सावकाश चढत होत्या. तोच तपकिरी शंख, तोच पिवळसर पट्टा. हातभर अंतरावर. शंखाचं वळण वरूनही दिसतं, आरशाची गरजच नव्हती.

मी पाहिलं. परत पाहिलं. चष्मा पुसला आणि पाहिलं.

उजवी. शेजारची उजवी. तिच्या मागची, तिच्या वरची, सगळ्या उजव्या.

मी खिशातला आरसा काढला आणि तिच्या कडेला धरला. आरशात डावी. आरसा बाजूला केला, उजवी. परत धरला, डावी. एखादं लहान मूल खेळतं तशी मी किती वेळ तो आरसा पुढेमागे करत होते कोण जाणे. ते फोल्डर, तो आजारी संगणक, पेन्सिलबाईंची मान, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी चिखलात फतकल मारून बसले. उलटं-सुलटं डोक्यातल्या डोक्यात होतं म्हणे! त्या दिवशी ते डोकं कुठे ठेवलं होतं?

मागे मोबाइलचा आवाज झाला. नवरोबाने फोटो काढला होता.

“या वेळी फोटो काय काढतोस!”

“तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं,” तो म्हणाला. पण हसला नाही. त्याने छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत उभा राहिला. भिंतीवरची ती उजवी बाई त्याच्या डोळ्यांसमोरून वर गेली, तो बघत राहिला. परतताना वाटेत एवढंच म्हणाला, “आईला एवढ्यात सांगू नकोस.”

खरंच आहे. सगळीकडे मिरवून झालंय त्यांचं, आता तोंडघशी पडतील.

१२ ऑगस्ट

इथे खोटं लिहून फसवणार कुणाला, म्हणून खरं लिहिते. आज दिवसभर एकच विचार करत होते: सांगितलंच नाही तर? त्या भेगेत डोकं घालायला कोण जाणार आहे? प्राध्यापक निःसंशय म्हणाले आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं तर डावरी जाणार, डावरी गेली की मुखपृष्ठ जाणार, आणि मुखपृष्ठाबरोबर पुस्तक. हात दाखवून अवलक्षण कुणी सांगितलंय?

दुपारी एका पेशंटच्या दाढेत औषध भरताना तो चिखलात उभा असलेला वाचक माझ्या डोक्यात शिरला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माझं पुस्तक. तो भिंतीवर डावी शोधतोय. सकाळपासून शोधतोय. त्याला वाटतंय आपलीच नजर कच्ची.

उद्या जाते.

१३ ऑगस्ट

ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

प्रकाशकांनी तोंडातली पेपरमिंट कडकन फोडली. सूचीपत्र गेलं होतं, दुकानदारांनी डावरी बघूनच मागणी नोंदवली होती. “तुम्ही सांगितलं नसतं,” ते म्हणाले, आणि ‘स’ला शिट्टीही लागली नाही इतक्या हळू म्हणाले, “तर आम्हाला कळलं असतं?”

“नाही.”

“मला कळलं होतं,” पेन्सिलबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळले. “तेव्हाच का नाही बोललात?”

“तोंडात कापूस होता.” मग पेन्सिल खाली ठेवून, “आणि तुम्ही स्वतः बघून यावं असं वाटलं. बघून आला नसतात, तर मी छापू दिलं नसतं.”

गोगलगाय आणि पोटात पाय, दुसरं काय! ज्या बाईला मी खुसपटं काढणारी म्हणत होते तिने मला वाट दिली होती, आणि तीही न बोलता. मला रडू आलं. आलं ते आलं. प्रकाशकांनी घाबरून बरणी पुढे केली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पेशंटला शोभेल अशी पेपरमिंट खाल्ली.

“खाणीतले फोटो आणलेत?” पेन्सिलबाईंनी विचारलं. माझे चार होते, ते मोबाइलवर दाखवू लागले. शिवाय नवरोबाने मोबाइलवरचा तो एक माझी चेष्टा करायला पाठवला होता, तोही मधेच आला. मी घाईने पुढे सरकवायला लागले तर त्यांनी माझं बोट धरलं.

फोटोत डाव्या बाजूला माझा वेडा झालेला चेहरा आहे. उजव्या बाजूला ओली भिंत, भिंतीवर गोगलगाय, माझा हात, हातात दातांचा आरसा. आणि आरशात तीच गोगलगाय. बाहेर उजवी, आत डावी.

त्यांनी कागद घेऊन माझा चेहरा झाकला. उरलेलं प्रकाशकांपुढे धरलं.

प्रकाशकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग खुर्चीत मागे रेलले. “ही चीज,” शिट्टी परत आली होती, “कुणाच्या पुस्तकात आहे?”

“दुकानदारांना मी सांगतो,” ते म्हणाले. “थोडे कमी होतील. होऊ देत. आणि डॉक्टर, आरशाने कसं बघायचं आणि कसं फसायचं, त्याचं एक पान लिहा. विशेषणं नकोत.”

रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, ते ‘पुस्तक छापू’ असं म्हणालेच नाहीत. गृहीतच धरलं.

३० ऑगस्ट

आरशाचं पान लिहिलं. पेन्सिलबाईंनी निम्मं कापलं. शेवटी मी एक परिच्छेद घातला होता, की आमच्या खाणीतली डावरी खोटी निघाली तरी जगात खऱ्या डाव्या असतात. तो जाणार याची खात्री होती. त्यातलं एक वाक्य त्यांनी ठेवलंय: ‘डावं वळण हा दोष नाही, ते सुधारायचं नसतं, फक्त नीट बघायचं असतं.’

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. नवरोबा म्हणतो, पुस्तक आलं की आपोआप कळेल.

मुखपृष्ठाच्या फोटोखाली त्याचं नाव जाणार. निसर्गाच्या फोटोंचं माझं पुस्तक, आणि तोंडावर फोटो नट-बोल्टवाल्याचा, तोही बायकोची फजिती टिपायला काढलेला! दुकानात येईल त्याला सांगत सुटलाय.

६ नोव्हेंबर

आलं!

पेन्सिलबाई स्वतः घेऊन आल्या, दाढेवर कॅप बसवून घ्यायची होती म्हणून. पुडकं सोडायला माझ्याच ट्रेमधली कात्री घेतली. पुस्तक खिशात मावतं. कव्हर पुसता येतं. मी पहिल्यांदा काय केलं असेन, तर पान न् पान उलटून प्रत्येक शंखाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते तपासलं. सगळ्या उजव्या, देवाची कृपा.

“एका माणसाने आज पुस्तकांच्या दुकानात घेतलं,” त्या म्हणाल्या. “मी बघत होते. चाळलं, आरशाच्या पानावर थांबला आणि घेतलं.”

“दुखत नव्हतं त्याचं काही?” मी विचारलं. पेन्सिलबाई हसल्या. चांगले दात आहेत हो त्यांचे, तो एक कोपरा सोडला तर. तोही मी बसवून देणार आहे.

दुपारी पुस्तक सासूबाईंच्या हातात दिलं आणि धीर करून खरं काय ते सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या भिंग घेऊन खिडकीशी बसल्या. मी दोनदा डोकावले, दोन्ही वेळा आरशाचंच पान उघडं होतं. बहुतेक वाचता वाचता डुलकी लागली असावी. नाहीतर एका पानाला इतका वेळ कशाला लागतो?

संध्याकाळी नवरोबा दुकानातून आला. आम्ही तिघं चहाला बसलो, मधोमध पुस्तक. त्याने सवयीने कप फिरवायला बोट पुढे केलं आणि ते तसंच राहिलं. कपाचा कान डावीकडेच होता. त्याने आईकडे पाहिलं. त्या पदराने भिंग पुसत होत्या, पुसलेलंच परत पुसत होत्या. मग त्याने डाव्या हाताने कप उचलला आणि इतका सावकाश प्यायला की माझा दुसरा कप झाला तरी त्याचा पहिला संपेना. मी पुस्तकाबद्दल बोलत होते, दोघांचंही लक्ष नव्हतं.

सासूबाईंना हल्ली कपाचा कान कुठल्या बाजूला आहे तेही दिसत नाहीसं झालंय. उद्या आठवणीने त्यांच्या चष्म्याचा नंबर तपासून आणायला हवा.